उलटा रस्ता

थोरलीला पलंगावर पडून एकवीस दिवस झाले होते, आणि तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाशी तिचं निदान एकदा तरी भांडण होऊन गेलं होतं. भावाशी उशीच्या उंचीवरून, भावजयीशी औषधाच्या वेळेवरून, डॉक्टरांशी त्यांच्या अक्षरावरून. खुब्याचं हाड मोडलेलं. पायाला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी पलंगाच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली गेलेली आणि तिच्या टोकाला वजन लटकलेलं. कूस बदलायची सोय नाही. त्यात पलंग असा ठेवलेला, की खिडकी नेमकी डोक्यामागे. चाळीस वर्षं जिने चष्म्याच्या दुकानातून अख्ख्या रस्त्यावर नजर ठेवली, तिच्या वाट्याला आता समोरची पांढरी भिंत आणि भिंतीवरचं एक कॅलेंडर. त्या कॅलेंडरवरच्या तारखाही तिला वाचता येत नव्हत्या. पण ही गोष्ट तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

रविवारी सकाळी भाची मोजपट्टी घेऊन खोलीत शिरली. तेरा वर्षांची ही मुलगी, घरात तिला सगळे उचापत म्हणत, आणि तिने ते नाव कष्टाने कमावलं होतं. गेल्या सुट्टीत तिने टेबलफॅन उघडून त्याची पवनचक्की केली; तिचा पुन्हा टेबलफॅन काही झाला नाही. त्याआधी तिचा व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी उसळला तो थेट इस्त्रीच्या कपड्यांवर.

"आत्या, हलू नकोस हं," म्हणत तिने पट्टीचं एक टोक खिडकीच्या चौकटीला अडकवलं आणि दुसरं आत्याच्या अंगावरून ओढत भिंतीपर्यंत नेलं.

"हलतेय कुठे? आणि माप कसलं घेतेस? अजून जिवंत आहे मी."

"खोलीचं घेतेय. तीन मीटर भरली. या खोलीचा कॅमेरा करायचाय."

"आणि मी?"

"तू कॅमेऱ्याच्या आत! खिडकीला सगळा काळा पुठ्ठा लावायचा, मध्ये फक्त एक भोक. तुझ्या पायाशी चादर टांगायची. मग बाहेरचा रस्ता चादरीवर येतो. उलटा येतो, पण येतो. माणसं, गाड्या, सगळं चालतं-फिरतं."

आता हे थोरलीला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? उजेड कसा येतो, कसा वाकतो, कुठे एकवटतो, यावरच तर तिचं पोट भरलं होतं. पण तिच्या मनात पहिला विचार आला तो दुसराच. रस्ता चादरीवर येईल, सगळे बघतील, आणि मग म्हणतील, आत्या, ते बघ, आत्या, हे बघ. आणि आपल्याला दिसणार काय? धुकं!

"नको. मला अंधाराचा त्रास होतो," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात तिचा भाऊ उभा राहिला. धंद्याने तो बुकबाइंडर. खालच्या मजल्यावर त्याची खोली, तिथे कापलेल्या पुठ्ठ्याचा आणि सरसाचा वास कायम भरलेला. लेकीच्या हातात मोजपट्टी पाहून तो तडक आत आला.

"काय चाललंय? उचापते, काळा पुठ्ठा म्हणालीस ना? कपाटातला तो पुठ्ठा मोठ्या शब्दकोशांसाठी आणलाय. त्याला हात लावायचा नाही. आणि ताईला विश्रांती हवी आहे. खोलीत काहीही ठोकाठोक नको."

"मला काय हवं ते तू कोण ठरवणार?" थोरली कडाडली.

"अगं, आत्ता तूच नको म्हणालीस ना!"

"मी नको म्हटलं ते माझं मी म्हटलं. तू माझ्या वतीने म्हणू नकोस. चार ताव आण वरती. आणि सुरी चांगली धार लावून आण, भोक गोल पडलं पाहिजे."

असं हे घर. भाऊ नको म्हणाला, एवढ्याच कारणासाठी थोरली हो म्हणाली. आणि एकदा हो म्हटलं, की ती शब्द मागे घेणाऱ्यांतली नव्हती.

भावजय टपाल खात्यात होती. दिवसभर काउंटरवर बसून लोकांची किरटी अक्षरं वाचून वाचून तिला कुठल्याही गोंधळातून वाट काढायची सवय झालेली. तिने कुणाला काही विचारलं नाही. कपाटातले काळे कोट, जुनी घोंगडी, चिकटपट्टीचं रीळ असं सगळं घेऊन ती आली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही फक्त सांगा, कुठून उजेड येतोय ते. आम्ही बुजवतो."

तासभर नुसता धुमाकूळ चालला. भाऊ स्टुलावर चढला आणि पुठ्ठा खिडकीवर बसवता बसवता त्याचं एक बोट चिकटपट्टीला असं चिकटलं, की ते सोडवायला भावजयीला कात्री आणावी लागली. दाराखालच्या फटीत घोंगडी गेली. किल्लीच्या भोकात उचापतीने कापूस कोंबला. पुस्तकांच्या फडताळाच्या दोन घडीच्या शिड्या आणून पलंगाच्या पायथ्यापलीकडे, वजनाला धक्का न लावता उभ्या केल्या. वर आडवी काठी आणि काठीवर पांढरी चादर.

"चादरीला सुरकुती आहे," थोरली म्हणाली. तिला सुरकुती दिसलेली नव्हती. पण चादर टांगली की सुरकुती असतेच, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"आहे खरी," भावजय म्हणाली आणि तिने चादर ताणली.

शेवटी खोलीतला दिवा बंद झाला. उचापतीने पुठ्ठ्यात पेन्सिलीच्या जाडीचं भोक पाडलं होतं, त्यावरचं बोट तिने काढलं. सुरुवातीला काहीच नाही. मग डोळे अंधाराला सरावले, तशी चादर हळूहळू जागी होऊ लागली.

"आई शप्पथ!" भाऊ म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण आवाज आठ वर्षांचा.

चादरीच्या वरच्या कडेला समोरचा फूटपाथ टांगलेला होता. त्यावरून माणसं डोकी खाली करून वटवाघळांसारखी चाललेली. एक निळी गाडी छतावरून सरकावी तशी चाकं वर करून गेली. बेकरीची पाटी पालथी, तिच्याखाली जोड्यांच्या दुकानाचं छप्पर, आणि अगदी तळाशी, घोट्यापाशी म्हणावं तसं, आकाश.

"अगं, तो बेकरीवाला बघ, दारात उभा राहून जांभई देतोय!" भावजय हसायला लागली. भावाने सुलट बघायचं म्हणून पाठमोरं होऊन, वाकून, दोन पायांतून बघितलं, आणि त्याच पवित्र्यात राहून तो पाटी वाचायला लागला. तर आता अक्षरं आरशातल्यासारखी उजवी-डावी झालेली.

"आत्या, दिसतंय ना?" उचापतीने विचारलं.

थोरलीला दिसत होतं ते एवढंच : वर राखाडी, खाली पांढुरकं, मधून काहीतरी हलतंय. "दिसतंय," ती म्हणाली. "पण फिकं आहे. भोक लहान म्हणजे उजेड कमी. आणि भोक मोठं केलंस तर चित्र विस्कटेल."

"मग भिंग लावू? बाबांकडे वाचायचं भिंग आहे, कुठलंही चालेल ना?"

कुठलंही चालेल! चाळीस वर्षांच्या कारागिरीला कुणी चिमटा काढावा, तशी थोरली दुखावली.

"कुठलंही कसं चालेल? भिंग म्हणजे काय खुंटी आहे, कोट टांगायला? पलंगाखाली माझी नंबर तपासायची पेटी आहे, ती काढ. अधिक अर्धा नंबर बघ, कडेवर कोरलेलं असतं. हिशेब साधा आहे. एकाला नंबराने भाग, तेवढ्या मीटरवर चित्र पडतं. एक भागिले अर्धा किती?"

"दोन."

"दोन मीटर. पण ते लांबच्या वस्तूचं. समोरचा फूटपाथ आपल्यापासून बारा-तेरा मीटरच, म्हणून त्याचं चित्र जरा मागे पडेल. सव्वादोन, अडीच. शिड्या मागे-पुढे करून बघायचं. आणि भोक भिंगाएवढं कापायचं, कडेने उजेड गळता कामा नये."

पेटी बाहेर आली. मखमलीच्या खाचांमध्ये ओळीने बसवलेली भिंगं. ही पेटी दुकान बंद झाल्यापासून उघडलेली नव्हती, आणि दुकान बंद झालं ते चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी झालं, असं म्हटलं तरी चालेल. शटर खाली ओढायला पुढे दोन वर्षं लागली, तो भाग वेगळा.

तेव्हा दुकानात दोघी बहिणी होत्या. थोरली भिंगं घासायची, धाकटी ती फ्रेममध्ये बसवायची. त्या दुपारी दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. थोरलीने एक चष्मा तयार करून पुढे ठेवला आणि धाकटीने तो गिऱ्हाइकाच्या हातातून परत घेतला. नंबर मोजायच्या यंत्रावर धरला, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, याचा अक्ष वीस अंशांनी चुकलाय, भिंग तिरकं घासलंयस. या महिन्यातला हा तिसरा. तुला दिसत नाहीये." थोरली म्हणाली, "मला दिसत नाही? मग माझ्या नजरेसमोर तरी कशाला उभी राहतेस?" धाकटीने डोळ्याला लावलेलं बारीक कामाचं भिंग काढून काउंटरवर ठेवली आणि ती जी गेली ती गेली. पुढच्याच गल्लीत तिने स्वतःचं छोटं दुकान काढलं. चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. भाऊ मध्ये पडायला गेला, तर दोघींनीही त्यालाच झोडपलं.

धाकटी गेल्यावर थोरलीने तो चष्मा पुन्हा मोजला होता. वीस नव्हे, बावीस अंश. तिने हे कुणालाही सांगितलं नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी जिन्याची शेवटची पायरी तिला जमिनीत मिसळून गेलेली दिसली, तेव्हाही तिने सांगितलं ते हेच, की पायरीवर पाणी सांडलेलं होतं.

"आत्या, लावलं!"

भिंग बसलं आणि चादर एकदम उजळली. खरेखुरे रंग आले. भाऊ एका शिडीशी, भावजय दुसऱ्या शिडीशी; उचापत मधे बाजूला उभी राहून हुकूम सोडू लागली. "मागे... अजून मागे... थोडं... थांबा! आलं!"

"आलं, आलं! पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतायत!" भावजय म्हणाली.

"नाही," थोरली म्हणाली. "अजून मागे."

शिड्या मागे गेल्या.

"बिघडलं गं," भाऊ म्हणाला.

"तुला काय कळतं? तू पुस्तकं शिवणारा. पुढे घ्या आता. अजून. हां, थांबा. नाही, जरा मागे."

"वन्सं, मघाशीच चांगलं होतं," भावजय हळूच म्हणाली.

"भिंगावर तेलकट डाग असणार. पूस ते."

उचापतीने भिंग काढून पुसलं, परत बसवलं. तेच. पाच-सहा वेळा शिड्या पुढे गेल्या, मागे आल्या. भावाचा शर्ट घामाने भिजला. मग उचापतीने खिशातून खडू काढला. शाळेत तिला शिकवलं होतं, की वाद झाला तर आवाज चढवायचा नाही, मोजायचं.

"आपण प्रयोग करू या. प्रत्येकाने तीनदा बघायचं. मी आणि एक जण शिड्या सरकवणार. ज्याची पाळी त्याने नीट दिसलं की थांब म्हणायचं. मी जमिनीवर खूण करणार. कुणी कुणाची खूण बघायची नाही."

भावाने तीनदा थांब म्हटलं. भावजयीने तीनदा म्हटलं. भावजय आणि भाऊ शिड्यांना लागले तेव्हा उचापतीने स्वतः म्हटलं. शेवटी थोरलीची पाळी आली. तिने अंधारात डोळे ताणून बघितलं. कुठे थांबायचं? धुकं इथेही आणि धुकं तिथेही. तिने आपल्या मनाने कुठेतरी थांब म्हटलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. अडाणी माणसाने जिथे दाखवलं तिथे अंगठा उठवावा, तसं.

उचापत खाली वाकली, टॉर्चच्या उजेडात तिने पट्टी लावली. मग तीच मापं तिने पुन्हा एकदा घेतली.

"बोल की," भाऊ म्हणाला.

"आमच्या तिघांच्या नऊच्या नऊ खुणा एका वितीत आल्या. आत्याची एक भिंतीजवळ, एक पलंगाजवळ आणि एक मधेच." तिने टॉर्च वर केली. "आत्या, तुझ्या तीन खुणा तीन ठिकाणी आल्यात."

भिंग लागलं आणि बिंग फुटलं. भावाने घसा खाकरला. "अगं, ती झोपून बघतेय, कोन वेगळा पडतो. शिवाय औषधांमुळे..."

"कोनाने असं होत नाही, बाबा."

"गप्प बस!"

"तिला गप्प बसवू नकोस." थोरली बोलली, आणि तिचा तिलाच आवाज अनोळखी वाटला. चार वर्षं जी गोष्ट तिने सात पडद्यांआड ठेवली, ती एका पोरीने खडूने जमिनीवर लिहून ठेवली होती. राग यायला हवा होता. पण आला तो हलकेपणा. पायाला बांधलेलं वजन कुणी क्षणभर उचलून धरावं, तसा. "तिने बरोबर मोजलंय. मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. जिन्यावर पाणीबिणी काही नव्हतं. पायरी दिसली नाही मला."

चादरीवर निळी गाडी परत आली, पालथीच, आणि निघून गेली.

"ताई, अगं, साधं ऑपरेशन असतं ते..." भाऊ म्हणाला.

"माहीत आहे. मी शेकडो लोकांना तसं सांगितलंय. काउंटरच्या आतल्या बाजूने सांगायला सोपं असतं."

तिला आणखीही काही सांगायचं होतं, बावीस अंशांचं. पण तेवढ्यात चादरीवर डावीकडून एक तपकिरी ठिपका आला. इतर ठिपके येत होते आणि जात होते. हा आला आणि थांबला. जोड्यांच्या दुकानासमोर उभा राहिला. मग तो एकीकडे कलला आणि पायांकडे निमुळता झाला, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवावा तसा.

थोरलीने ओळखलं. धुक्यात असो, पालथं असो, असं जगात एकच माणूस उभं राहतं. शाळेच्या रांगेत उभी राहायची, दुकानात भिंगं तपासताना उभी राहायची, बगळ्यासारखी.

"ती आली आहे," थोरली म्हणाली.

भावाने वाकून बघितलं. "अरेच्चा! ही तर धाकटी! आज इकडे कुठे?"

भावजय शिडीमागे सरकली. टपालातल्या बाईला निरोप पोचवायची सवय असते, तशीच योग्य वेळ येईतो निरोप दाबून ठेवायचीही. पण आता दाबून ठेवण्यात अर्थ नव्हता.

"आज नाही," ती म्हणाली. "रोज येतात. वन्सं पडल्या त्या संध्याकाळपासून. समोर पाच-दहा मिनिटं उभ्या राहतात, खिडकीकडे बघतात, मला फोन करून विचारतात, की ताई जेवली का, झोपली का. मग जातात. मी वर या म्हटलं, तर म्हणतात, तिने नजरेसमोर येऊ नकोस म्हटलंय."

"आणि तू मला बोलली नाहीस?" भाऊ भडकला. "माझी बहीण रस्त्यावर उभी राहते एकवीस दिवस, आणि माझ्याच घरात मला पत्ता नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तासाभरात दोघींना समोरासमोर बसवून भाषण दिलं असतं."

हे इतकं खरं होतं, की भाऊ उगाचच चादरीची सुरकुती काढू लागला.

"ती काय करते आहे?" थोरलीने विचारलं. "मला नीट दिसत नाही. सांगा कुणीतरी."

"खिडकीकडे बघतेय," उचापत म्हणाली. "आपल्या खिडकीकडे. आता फोन काढला. लावतेय..."

भावजयीचा फोन स्वयंपाकघरात होता. तो तिकडे वाजत राहिला. दाराला घोंगडी, खोलीत तो ऐकूही आला नाही.

"आता तोंडावर हात ठेवलाय. आत्या, ती घाबरली आहे असं वाटतंय. का घाबरली?"

प्रथम उमजलं ते थोरलीला. "अगं माझ्या कर्मा! खिडकी! खिडकी काळी केली आहे ना आपण! त्यात फोनही कुणी उचलत नाही. तिला वाटलं असेल, मी..."

पुढचं तिने बोलायची गरजच उरली नाही. चादरीवर धाकटी पळत सुटली होती. पाय वर, डोकं खाली, पिशवी वरच्या वर उडतेय. ती रस्ता ओलांडू लागली, तशी चादरीवर वर वर सरकत मोठी होत गेली आणि चादरीची कड ओलांडून नाहीशी झाली. खाली दार धाडकन उघडलं. जिन्यावर पावलं वाजली.

"दिवा लाव, दिवा लाव!" भाऊ ओरडला, पण बटण घोंगड्यांच्या ढिगामागे गेलं होतं.

दार ढकललं गेलं, घोंगडी गोळा झाली आणि धाकटी अंधारात शिरली ती सरळ शिडीवर. शिडी भावावर, काठी शिडीवर आणि चादर दोघा भावंडांवर. चादरीखालून धाकटीचा रडवेला आवाज आला :

"ताई! ताईला काय झालं? मला कुणी कळवलं का नाही? कधी झालं?"

"दार लाव आधी," पलंगावरून थोरली म्हणाली. "उजेड येतोय."

चादरीखालची धडपड थांबली. मग एक हुंदका आला, तो अर्ध्यावर हसण्यात गेला, आणि मग त्याचं काय झालं ते धाकटीलाही कळलं नसावं. उचापतीने चादर ओढून काढली. भाऊ जमिनीवर बसून गुडघा चोळत होता. धाकटी पलंगाच्या कडेशी उभी होती, केस विस्कटलेले, आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात थोरलीला तिचा फक्त आकार दिसत होता.

"तू जिवंत आहेस," धाकटी म्हणाली.

"दिसतेय का तशी? तुझी नजर चांगली आहे ना?"

"ताई..."

"बावीस होते," थोरली म्हणाली. "वीस नव्हे. तू गेल्यावर मी पुन्हा मोजला. तू म्हणालीस त्यापेक्षाही दोन अंश जास्त चुकला होता."

धाकटी पलंगावर बसली. जपून, पायाची दोरी हलू नये अशी. "मला माहीत होतं बावीस आहेत. लोकांसमोर जरा कमी करून सांगितले."

"उपकार केलेस!"

"सांगायलाच नको होतं, लोकांसमोर. आत नेऊन सांगायला हवं होतं. चार वर्षं मी हेच घोकतेय, की आत नेऊन का नाही सांगितलं. पण तू आत येऊन ऐकलं असतंस का?"

थोरलीने खरोखर विचार केला. "नसतं ऐकलं."

"बघ!"

"तरी आत न्यायला हवं होतंस."

"हो," धाकटी म्हणाली. तिने पिशवीतून छोटी टॉर्च काढली. चष्मेवाल्या बाईच्या पिशवीत ती असतेच. "वर बघ. आता डावीकडे. पापणी मिटू नकोस, किती वर्षं लोकांना हेच सांगत आलीस! ...ताई, अगं, उजवा तर पिकून पिवळा झालाय. एवढं अंगावर काढलंस?"

"आधी पाय, मग डोळा," थोरली म्हणाली. "आणि ऑपरेशननंतरचा चष्मा मी दुसऱ्या कुणाकडून करून घेणार नाही. तूच करायचास. अक्ष मी तपासणार."

"तपास की. दिसायला लागल्यावर कुणाची भीती आहे?"

भावजयीने हळूच नाक ओढलं. असं काही झालं, की भावाला हातांनी काहीतरी करायला लागायचं. त्याने शिड्या उभ्या केल्या, चादर टांगली, ताणली. उचापतीने घोंगडी दारात कोंबली. रस्ता परत चादरीवर आला.

"आता तू सांग कुठे थांबवायचं," थोरली धाकटीला म्हणाली.

"मागे... मागे... थांब." धाकटीने एकदाच सांगितलं. उचापतीने जमिनीकडे बघितलं. शिडीचा पाय त्यांच्या नऊ खुणांच्या बरोबर मधे होता.

"बाबा कुठे गेले?" तिने विचारलं. शिडीशी भाऊ नव्हता.

तो खाली गेला होता. मिनिटाभरात तो चादरीवर उगवला, इतरांसारखाच पालथा, आणि जोड्यांच्या दुकानाच्या भिंतीशी उभा राहून खिडकीकडे हात हलवू लागला. मग त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि बाह्या वर सरकवल्या.

"अगं बाई," भावजय म्हणाली. "हे काय करतायत?"

"ताई, दादा हातांवर उभा राहतोय!" धाकटी जवळजवळ किंचाळली. "भिंतीला पाय टेकवून. पडला... नाही, परत प्रयत्न करतोय. बेकरीवाला बाहेर आला. तो पाय धरून वर करतोय त्याचे. लागला, लागला भिंतीला! शर्ट खाली घसरलाय, सगळं पोट उघडं. चार माणसं जमली. एक बाई टाळ्या वाजवतेय."

थोरली हसायला लागली. हसता हसता दोरी हलली, वजन डुललं आणि खुब्यातून कळ आली. "हसवू नका गं, पाय दुखतो," ती म्हणाली आणि आणखीच हसली. डोळ्यांतून पाणी आल्यावर तर चादरीवरचं होतं नव्हतं तेही वाहून गेलं.

"आत्या, बघ ना!" उचापत नाचत होती. "सगळे उलटे आहेत, आणि अख्ख्या रस्त्यात एकटे बाबाच सरळ उभे आहेत!"

धाकटीने रुमालाने तिचे डोळे पुसले. थोरलीने मान उचलून धुक्यात रोखून पाहिलं. वर राखाडी, खाली पांढुरकं, आणि मधे एक जाडसर ठिपका, थरथरत, तोल सावरत.

"पळ, जाऊन सांग त्याला," ती भाचीला म्हणाली, "अजून जरा वेळ तसाच राहा म्हणावं. माझी नजर बसायला वेळ लागतो."